घर न देणारा आणि घर न घेणारा

दलित साहित्यातला घरमालक हा नेहमी दुसरा कुणीतरी असतो. तो खोली दाखवतो, भाडे सांगतो आणि आडनाव कानावर पडताच ‘खोली कालच गेली’ म्हणून मोकळा होतो. बाबुराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो आणि डोके टेकायला जागा हवी म्हणून जात लपवतो. ती उघडी पडल्यावर त्याचे काय होते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. आपल्या आत्मकथनांतून, कथांतून, मोर्च्यांतल्या भाषणांतून आपण कायम खोली मागणारे म्हणून उभे आहोत. आणि ते खरेच आहे. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या वस्त्यांतून आणखी एक माणूस उभा राहिला आहे. त्याच्याकडे राहत्या घराला लागून बांधलेल्या एक-दोन खोल्या आहेत, त्या तो भाड्याने देतो, आणि महिन्याच्या पाच-सात तारखेला दारात उभा राहून भाडे मागतो. त्याच्याविषयी आपण जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. ‘मालक’ हा शब्दच आपल्या जिभेला चटका देणारा. तो आपल्याच माणसाला कसा लावायचा, असा संकोच त्यामागे असावा. ‘दलित ब्राह्मण’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. या लेखात त्या लहान घरमालकाचा इतिहास, निदान त्याची रूपरेषा, मांडण्याचा प्रयत्न आहे.

डोळ्यांसमोर जे गाव आहे ते पुरुषोत्तमनगर, शहादा तालुक्यातले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख पश्चिम खान्देश म्हणून ओळखला जाई. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव लोकांच्या तोंडी आले. एका बाजूला सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या बाजूला तापी, मधे काळ्या मातीचा सपाट पट्टा आणि त्यात ऊस, केळी, कापूस. जिथे रोख पगार येतो तिथे भाड्याची खोली येते. फिटर, कारकून, चिटबॉय, वाहनांचे चालक, काट्यावरची माणसे यांच्यातल्या सगळ्यांनाच कारखान्याची वसाहत कुठली पुरायला? शाळा-महाविद्यालये आली, त्यांच्यामागे मास्तर आणि विद्यार्थी आले. आणि ज्या घरात एखादी कायम नोकरी लागली, मग ती कारखान्यातली असो, एस. टी.तली असो की जिल्हा परिषदेच्या शाळेतली, त्या घराने भविष्यनिर्वाह निधीतून किंवा पतपेढीच्या कर्जातून मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. ऊस तोडणाऱ्यांची गोष्ट मात्र इथेच बाजूला ठेवतो. ते मुकादमाची उचल घेऊन येतात, कोपीत राहतात, आणि पट्टा पडला की कोपी मोडून परत जातात. त्यांना कुणी भाडेकरूही म्हणत नाही.

दोन खोल्यांचे मोल कळण्यासाठी त्याआधी काय होते ते पाहिले पाहिजे. गावगाड्यात महाराचे घर पांढरीच्या कडेला असे. तिथे त्याच्या पिढ्या गेल्या तरी त्या जागेवरची त्याची मालकी कुणी कागदावर उतरवलेली नसे. घर होते ते चाकरीपोटी. वतन होते तेही चाकरीपोटी. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा रोख याच बांधिलकीवर होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने.

खान्देशात या बांधिलकीला आणखी एक रूप होते, ते सालदारीचे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बहुधा भिल्ल. त्याच्या झोपण्याची जागा मालकाच्या शेतावर किंवा गोठ्यालगत. त्याला भाडे नव्हते, हे खरे. पण भाडे नसलेल्या त्या छपराची किंमत तो रात्रीबेरात्री हाक आली की उठून, बायकोला मालकाच्या वाड्यावर राबायला पाठवून आणि वर्ष संपण्याआधी दुसरीकडे न जाऊन फेडत होता. ज्याचे घर त्याचा माणूस, असा हा व्यवहार. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातला कार्यकर्ता पुढे उभा राहिला, श्रमिक संघटना उभी राहिली. त्या चळवळीच्या मागण्या जमिनीच्या होत्या, मजुरीच्या होत्या, सालदाराच्या कामाच्या तासांच्या होत्या. घराची मागणी तिथे फारशी ठळक दिसत नाही. पण मजुरी रोख आणि ठरलेली मिळू लागणे आणि मालकाच्या छपराबाहेर पडता येणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. भाडे रोख देणारा माणूस, त्याची खोली कितीही कोंदट असो, रात्री हाक आली तर ‘येत नाही’ म्हणू शकतो.

मुंबईत गेलेल्या आपल्या माणसांना हे लवकर कळले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. एकेका खोलीचा आकार १६० चौरस फूट. या ट्रस्टच्या आणि सरकारी चाळींतून दलितांची वस्ती मोठी का झाली, याचे उत्तर केवळ स्वस्त भाडे हे नव्हे. तिथला मालक सरकार किंवा ट्रस्ट होता. त्याला शेजार नव्हता, त्याला सोवळे नव्हते, त्याच्या मुलीचे लग्न अडत नव्हते. भाडे वसूल करणारा कारकून जातीचा असेल, पण खोली त्याची नव्हती. चाळीत पुढे जातवार भिंती पडल्याच, आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीला त्या भिंतींवरून रक्तही सांडले. तरीही खोली मिळण्याच्या क्षणी आडनावाची अडचण तिथे कमी होती, ही गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. डॉ. आंबेडकर स्वतः १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबरच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत राहिले. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार हा सारा काळ त्या दोन भाड्याच्या खोल्यांचा आहे.

आता बडोद्याचा प्रसंग पुन्हा एकदा, पण घरमालकाच्या बाजूने पाहू. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे माहीत असल्याने ते पारशी सराईत उतरले. सराईच्या रखवालदाराला हे पारशी नाहीत हे कळले होते. तरी रोजी दीड रुपया मिळतो म्हणून त्याने वहीत पारशी नाव लिहून त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेले पारशी रखवालदाराने बोलावलेले नव्हते. ते बाहेरून आले, धर्माचे पावित्र्य सांगत आले, आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. ज्याच्या हातात किल्ली होती तो तयार होता. ज्यांचा त्या खोलीशी काहीएक संबंध नव्हता त्यांनी ती बंद केली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे बाबासाहेबांनी विचारले. दोघांनीही घरच्यांचे कारण पुढे करून टाळले. लहान घरमालकाचा नकार हा पुष्कळदा त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्यामागे गल्ली उभी असते. याने त्याचा दोष धुऊन निघतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्याला ही गोष्ट समजली नाही त्याला, मालक बदलून आपला माणूस मालक झाला तरी गल्ली का बदलत नाही, हेही समजणार नाही.

खोली नाकारली गेलेला हाच माणूस पुढे स्वतः घरमालक झाला. १९३० च्या सुमारास बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले आणि बँकेचे कर्ज काढून दोन इमारती बांधल्या. पाचव्या गल्लीतले ‘राजगृह’ राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी. तिसऱ्या गल्लीतली ‘चारमिनार’ भाड्याने देण्यासाठी. १९३३ पर्यंत बांधकाम पुरे झाले. राजगृहाची यात्रा आपण करतो, चारमिनारचे नाव मात्र आपल्यातल्या शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. मला या दोन इमारतींचा जोडपणा महत्त्वाचा वाटतो. कुठल्याही संस्थानिकाच्या देणगीवर आपले ग्रंथालय उभे न ठेवता भाड्याच्या उत्पन्नाचा आधार त्याला द्यावा, असा साधा संसारी हिशेब त्यात दिसतो. तो हिशेब पुरता जमला नाही. कर्ज आणि पुस्तकांचा खर्च भागवण्यासाठी मे १९४१ मध्ये चारमिनार विकावी लागली. राजगृह राहिले. म्हणजे घरमालकी हे त्यांच्या लेखी साधन होते, आणि साध्याच्या आड आल्यावर ते त्यांनी सोडले.

इथे कुणी विचारील की ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये ज्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच नाहीसे करायला सांगितले, त्यांनीच भाड्याची इमारत बांधावी यात विसंगती नाही का? मला ती वाटत नाही. जमिनीची मालकी म्हणजे गावातल्या माणसाच्या श्रमावरची मालकी होती. दोन खोल्यांची मालकी तशी होत नाही. मार्क्सवादी मित्र इथे एंगेल्सचा दाखला देतात. १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना कामगाराला स्वतःच्या घराचा मालक करण्याच्या कल्पनेवर एंगेल्सने टीका केली होती. घर झाले की कामगार एका जागी जखडला जातो, संपाच्या वेळी हातपाय हलवू शकत नाही, असा त्याचा मुद्दा होता. युरोपातल्या गिरणी कामगारापुरता तो विचार करण्याजोगा आहे. पण इथला अस्पृश्य आधीच जखडलेला होता, आणि तोही स्वतःची म्हणता येईल अशी एक वीटही नसताना. त्याला जखडणारी गोष्ट परक्याच्या मालकीची जागा हीच होती. एंगेल्सच्या कामगाराला घर ही बेडी. आपल्या माणसाला ते पहिले कागदपत्र. असो.

याच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बहिष्काराची एक व्याख्या आहे. १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून बाबासाहेबांनी ती घेतली. बहिष्कार म्हणजे काय हे सांगताना तिथे घर किंवा जमीन भाड्याने न देणे हे आहेच, पण त्याला लागून दुसऱ्याचे घर किंवा जमीन न वापरणे, तिथे राहायला न जाणे हेही आहे. घर न देणारा आणि घर न घेणारा असे दोघेही त्यात येतात. आज कुणालाही हे वाचून नवल वाटेल. घर न घेणे हा गुन्हा कसा? प्रत्येकाला आवडेल तिथे राहण्याची मुभा नाही काय? पण बाबासाहेबांना गावाचा अनुभव होता. बहिष्कार पडतो तेव्हा महाराला किराणा मिळत नाही, तसेच महाराचा माल कुणी घेत नाही, महाराची गाडी कुणी भाड्याने करत नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा त्यांना चहा विकण्यापासून कुणी अडवले नव्हते. गिऱ्हाईक येत नव्हते. शाहू महाराजांनी तिथे थांबून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही पाजला, तो या न येण्यावरचा उपाय होता. विकत न घेणे हे अस्पृश्यतेचे निम्मे अंग आहे. आपण बराच काळ विकत घेणारेच असल्यामुळे ते आपल्या नजरेतून सुटले.

पुढे जे कायदे झाले त्यांत ही दुसरी बाजू फिकी पडलेली दिसते. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याचे नाव १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, त्यात कोणत्याही वस्तीत घर बांधण्याच्या, घेण्याच्या, राहण्याच्या बाबतीत अस्पृश्यतेवरून अडवणूक करणे हा गुन्हा आहे. बहिष्काराच्या स्पष्टीकरणातही घर भाड्याने न देणे, राहू न देणे यांचा उल्लेख आहे. म्हणजे घर न देणारा शब्दशः आला. घर न घेणारा मात्र तसा नाव घेऊन आलेला नाही. ‘व्यवहार न करणे’ अशा मोघम शब्दांत तो बसवावा लागतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार आला, पण खोली पाहून ‘विचार करून सांगतो’ म्हणत गेलेल्या माणसावर कुणी फिर्याद करील काय? करूही नये, असे माझे मत आहे. मुद्दा फिर्यादीचा नाहीच. बाजार कसा चालतो हे नीट पाहण्याचा आहे. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरभाड्याच्या बाजाराचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. दलित आणि मुसलमान भाडेकरूला नकार कसा मिळतो, मिळाले तर अटी कशा कडक होतात, हे त्यात दिसते. तसाच अभ्यास दलित घरमालकाच्या रिकाम्या खोल्यांचा कुणीतरी करायला हवा.

शहाद्याकडे खोली पाहायला आलेला माणूस आधी अहिराणीत विचारतो, ‘भाऊ, खोली शे का रिकामी?’ ‘शे ना, देखी ल्या.’ तो खोली पाहतो, पाण्याची मोटर पाहतो, सबमीटर वेगळा आहे का विचारतो. मग दारावरची निळी पाटी किंवा भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्याच्या नजरेला पडतो. मग तो विचारतो, ‘आडनाव काय शे?’ पूर्वी हा प्रश्न मालक भाडेकरूला विचारी. आता भाडेकरू मालकाला विचारतो. उत्तर ऐकून तो भाड्यावर घासाघीस करीत नाही, ही त्याची खूण. ज्याला खोली घ्यायची असते तो घासाघीस करतो. काही जण घेतात, पण भाडे कमी करून मागतात. त्यांना ते तसे बोलून दाखवावे लागत नाही. काही जण घेतात आणि पिण्याचे पाणी शेजारच्या घरून आणतात. पाणी तेच, नळही तोच.

माझ्या वडिलांनी अशाच दोन खोल्या बांधल्या होत्या. ते हंगामी कामगार. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. खोल्याही त्याच वेळापत्रकाने भरत आणि रिकाम्या होत. म्हणजे घरात पगार असे तेव्हा भाडेही येई, आणि पगार थांबला की भाडेही थांबे. शहाणा सावकार असा धंदा करणार नाही. त्यातून पावसाळ्याआधीची डागडुजी नेमकी रिकाम्या महिन्यांत यायची: पत्रे उडालेले, भिंतीला ओल, शौचालयाचा खड्डा भरलेला. शेवटच्या महिन्याचे भाडे न देता रात्रीतून बिऱ्हाड हललेलेही आम्ही पाहिले. आई अशा वेळी मागे राहिलेली चूल, फुटका माठ, कॅलेंडर गोळा करी आणि भिंत पांढरी करायला घेई. तरी याच भाड्यावर माझ्या बी. ए.ची तीन वर्षे निघाली, आणि घरातला पहिला पदवीधर त्यातून झाला. एका खोलीत गुजर समाजातले एक मास्तर दोन वर्षे राहिले. ते कुणाला काही न सांगता आमच्याच माठातले पाणी प्यायचे. सणाला गावी गेले की तिथे मात्र ते शहाद्याला ‘एका ओळखीच्यांकडे’ राहतात, एवढेच सांगायचे. त्यांच्यावरही गल्ली होती, फक्त त्यांची गल्ली त्यांच्या गावी होती.

भाडेनियंत्रणाच्या इतिहासात हा लहान घरमालक नावापुरता येतो. मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धामुळे आला. १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले, आणि गिरणगावातल्या कामगाराला त्या कायद्याने टिकवून धरले हे नाकारता येणार नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असे म्हटले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. या पन्नास वर्षांच्या वादात इमारतींचे मोठे मालक बोलत, आणि बोलताना दोन खोल्यांवर जगणारी एखादी विधवा पुढे करीत. ती विधवा स्वतः काय म्हणत होती, हे त्या वादात ऐकू येत नाही.

त्या कायद्यातले पंचावन्नावे कलम मात्र आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावे असे आहे. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. आपल्याकडे काय चालते? अकरा महिन्यांचा कागद स्टॅम्पपेपरवर टंकून, नोटरी करून, पेटीत ठेवला जातो. वर्षाखालच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून ही अकरा महिन्यांची सवय पडली आणि नंतरचा कायदा आला तरी सुटली नाही. पुष्कळांकडे तोही कागद नसतो, सगळे तोंडी. मोठ्या मालकाकडे वकील असतो. आपला मालक भाडेपावतीसुद्धा देत नाही, कारण पावतीपुस्तक छापणे म्हणजे आपण कुणी सावकार आहोत असे त्याला वाटते. त्यातून जागेचा स्वतःचा कागदही पक्का नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव आहे, घरपट्टी भरलेली आहे, पण जागा गावठाणातली की गायरानातली हे आजोबांनाच माहीत, आणि आजोबा गेलेले. अशा उताऱ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्तापत्रके निघू लागली. ज्यांच्या वस्त्या गावठाणाच्या रेषेबाहेर पडल्या त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि आपल्या वस्त्या रेषेबाहेर का पडतात हे गावाच्या नकाशावर बोट ठेवून कुणालाही दाखवता येते.

अलीकडे या व्यवहारात एक नवा भाडेकरू आला आहे, तो म्हणजे वसतिगृहात जागा न मिळालेला विद्यार्थी. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. सरकारने वसतिगृह बांधण्याऐवजी मुलाच्या खात्यावर पैसे टाकायचे, आणि मुलाने बाहेर खोली घ्यायची. पैसे वेळेवर पडत नाहीत ही तक्रार प्रत्येक महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ऐकू येते. हप्ता चार-सहा महिने लांबला की मुलगा भाडे कुठून देणार? तो मालकाला ‘काका, हप्ता पडला की देतो’ म्हणतो, आणि मालक थांबतो. म्हणजे सरकारची उधारी अखेर दोन खोल्यांच्या मालकावर येऊन बसते. ज्या वस्तीत अशा मुलांना खोल्या मिळतात ती वस्ती बहुधा आपलीच असते. मोठ्या कॉलनीतला मालक तीन महिन्यांची अनामत आगाऊ मागतो आणि प्रश्न तिथेच संपवतो.

पण सगळेच थांबतात असे नाही, आणि सगळेच सगळ्यांना खोली देतात असेही नाही. हे आपल्याच पानांवर लिहिले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव, अक्कलकुव्याकडून भिल्ल, पावरा समाजाची मुले शिकायला शहाद्याला येतात. बौद्ध घरमालकाच्या दारात उभ्या राहिलेल्या पावरा मुलाला ‘खोली कालच गेली’ हे उत्तर मिळालेले मी माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. कारणेही ओळखीची असतात: पाहुणे फार येतात, कोंबडे कापतात, रात्री नाचतात, दारू पितात. ही सगळी वाक्ये आपल्याविषयी म्हटली गेली आहेत, याच क्रमाने. मातंग कुटुंबाला खोली नाकारणारे नवबौद्ध घर, आणि नवबौद्धाला खोली नाकारणारे चर्मकार घर, दोन्ही माझ्या पाहण्यात आहेत. काही घरमालक प्रामाणिकपणे सांगतात, ‘सर, माझी काही हरकत नाही, पण गल्लीतले काय म्हणतील?’ सराईवर लाठ्या घेऊन आलेल्यांचा हा आवाज आहे, आणि तो आता आपल्या ओट्यावरून येतो.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या तारखेला खान्देशातून हजारो माणसे लळिंगला जातात. आमच्याकडूनही गाड्या भरून जातात. एका वर्षी परतीच्या गाडीत एक निवृत्त कामगार, ज्यांच्या घरामागे दोन खोल्या आहेत, माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना बहिष्काराची ती व्याख्या सांगितली, घर न देणे आणि घर न घेणे दोन्ही. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘भाऊ, न घेणाऱ्याचं मी काय करू? गेलं दीड वर्ष एक खोली रिकामी आहे. त्या पावरांच्या पोरांनी विचारलं होतं.’ मी विचारले, मग दिली का नाही? ते खिडकीबाहेर पाहत राहिले. नंतर कळले की त्या पावसाळ्यात त्यांनी ती खोली त्याच पोरांना दिली. शेजारच्या दोन घरांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. हप्ता दिवाळीपर्यंत आला नव्हता, आणि पोरांनी भाड्याऐवजी त्यांच्या घराचे पत्रे बदलून दिले होते.